सुईची खरेदी

गेल्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले, तेव्हा आमच्या घरी सल्ल्यांचा सुकाळ झाला. कोणी म्हणाले, विहिरीवरची मोटार बदला. कोणी म्हणाले, बगीच्यात ठिबकच्या नव्या नळ्या टाका. आमच्या सौभाग्यवतींच्या मनात स्वयंपाकघरातला नवा ओटा पुष्कळ वर्षे घर करून होता. आम्ही मात्र एक सुई घ्यावयाचे ठरवले. ही वार्ता मोहगावात पसरली, तेव्हा लोकांना ती आधी शिवणयंत्राची वाटली. मग इंजेक्शनची वाटली, कारण बाबांची प्रकृती अलीकडे तोळामासा असते. ती ध्वनिमुद्रिका वाजवण्याची सुई आहे आणि तिच्या किमतीची तुलना म्हशीच्या किमतीशी करावी लागेल, हे कळल्यावर काही दिवस लोक आमच्याकडे ज्या नजरेने पाहत, तिचे वर्णन न केलेले बरे.

या खरेदीचे कारण एक तबकडी. कुमार गंधर्वांच्या गाण्याची ती लाँग प्ले ध्वनिमुद्रिका बाबांनी १९७४ साली संत्री विकून परतताना नागपूरला सीताबर्डीवर घेतली. त्या काळी नागपूरहून छिंदवाड्याकडे अरुंद रुळांची गाडी जात असे. रुंद मार्गासाठी ती २०१५ साली बंद झाली. त्या गाडीत सौसर येईपर्यंत बाबांनी तबकडी मांडीवर उभी धरली होती, कारण आडवी ठेवून वर ओझे पडले तर ती वाकते, असे दुकानदाराने बजावले होते. सौसरहून पुढे बैलगाडी. तीतही तबकडी मांडीवरच. कुमार गंधर्व १९४८ पासून देवासला राहत. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर आमच्यापासून तुटले आणि आम्ही मराठी बोलत मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे बाबा त्यांना अभिमानाने 'आपल्या राज्यातले' म्हणत. क्षयाने ज्यांचे गाणे काही वर्षे थांबवले होते, त्यांनी लहान लहान श्वासांतून केवढे गाणे उभे केले, हे बाबांनी आम्हांला कितीदा ऐकवले असेल त्याची गणती नाही. त्यांच्या तानपुऱ्यांविषयी तर बाबा विशेष बोलत. कुमार गंधर्व तानपुरे फार काटेकोरपणे जुळवून घेत, हे गाणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. बाबा म्हणत, "गाणं मागाहून. आधी तानपुरा ऐक."

गेल्या दिवाळीत बाबांनी ती तबकडी लावायला सांगितली. थोडा वेळ कान देऊन ते म्हणाले, "मले तानपुरा ऐकूच येऊन नाही राहिला. तुले येते का?"

आम्हांलाही नीट येत नव्हता. गळा येत होता, तबला येत होता. मागे तानपुऱ्याच्या जागी एक धुरकट खरखर होती. बाबांचे वय सत्याऐंशी आहे. त्या वयात कानाला उंच स्वर कमी पोचतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्या दिवशी आम्ही सगळा दोष यंत्राच्या माथी मारला. माणसाच्या कानापेक्षा यंत्र बदलणे सोपे, हे एक कारण. दुसरे कारण थोडे लाजिरवाणे आहे; ते सांगितल्याखेरीज ही हकिकत पुरी व्हावयाची नाही.

आमचा जुना रेकॉर्डप्लेअर सुटकेससारखा होता. त्यात सिरॅमिक जातीची डबी आणि नीलमण्याची सुई होती. नीलमणी हिऱ्याच्या मानाने लवकर झिजतो. झिजलेली सुई वेळीच बदलावयाची असते. आमच्या घरी ती बदलली गेली नाही, कारण ती झिजली आहे हे समजण्याइतके ज्ञान कोणालाच नव्हते. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना ती तबकडी एका जागी अडखळू लागली. तेच अर्धे आवर्तन पुन्हा पुन्हा येई. बाबा शेतावर गेलेले पाहून आम्ही पंचवीस पैशांचे नाणे डिंकाने सुईच्या दांडीच्या टोकावर चिकटवले. अडखळणे थांबले. आम्हांस आपण इंजिनिअर झाल्यासारखे वाटले. ते चाराणे पुढे वर्षानुवर्षे तेथेच राहिले आणि झिजलेली सुई त्या जादा वजनानिशी तबकडीच्या खोबणीतून नांगरासारखी फिरत राहिली. ही खोबण लांब केवढी असते? शाळेतील मुलांनी हिशेब करून पाहावा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, एक बाजू सुमारे बावीस मिनिटे चालते आणि खोबणीची सरासरी त्रिज्या दहा सेंटिमीटरांच्या आसपास धरता येते. उत्तर अर्ध्या किलोमीटरच्या जवळपास येईल. तेवढी नांगरट प्रत्येक वेळी.

असो. आता सुईकडे वळू. आठवी-नववीतल्या मुलांनी प्रयोगशाळेत तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केलेला असेल. चुंबक हलला की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो, चुंबक थांबला की काटाही शून्यावर येतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेल्या याच नियमावर सगळी चुंबकी कार्ट्रिजे चालतात. कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारी ती लहानशी डबी. खोबणीच्या भिंतींवर गाणे नागमोडी कोरलेले असते. सुई त्या वळणांबरोबर थरथरते आणि तिच्या काडीच्या दुसऱ्या टोकाशी जे काही बसवलेले असते, तेही थरथरते. तेथे चिमुकला चुंबक असेल आणि वेटोळी स्थिर असतील, तर ते 'मूव्हिंग मॅग्नेट'. चुंबक स्थिर असून केसासारख्या तारेची वेटोळी हलत असतील, तर ते 'मूव्हिंग कॉइल'. वेटोळी फार हलकी करता येतात, म्हणून सुई खोबणीतील बारीकसारीक वळणे चपळाईने घेते, असा या दुसऱ्या प्रकाराचा लौकिक आहे.

या हलकेपणाची किंमतही द्यावी लागते. तारेचे वेढे थोडे, म्हणून विजेचा दाब अगदी क्षीण. मूव्हिंग मॅग्नेट सामान्यतः ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. मूव्हिंग कॉइल पुष्कळदा ०.३ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या पाच हजाराव्या हिश्श्याइतके. त्यामुळे नेहमीच्या ॲम्प्लिफायरच्या आधी आणखी एक लहान ट्रान्सफॉर्मर किंवा ॲम्प्लिफायर जोडावा लागतो. शिवाय मूव्हिंग मॅग्नेटची सुई झिजली तर घरच्या घरी ओढून काढता येते व नवी बसवता येते; मूव्हिंग कॉइलची बहुधा येत नाही. सुई गेली की डबीच गेली. ज्या घरात नातवंडे आहेत आणि मांजर आहे, त्या घराने ही गोष्ट दोनदा विचारात घ्यावी.

आम्ही नागपूरला तीन खेपा केल्या. पहिल्या खेपेला एका दुकानदाराने आम्हांस जे सर्वांत महाग होते ते सर्वांत चांगले म्हणून दाखवले. दुसऱ्या खेपेला एका वयस्कर शौकिनाची गाठ पडली. त्यांनी किंमत न विचारता तीन प्रश्न विचारले: दांडी जड की हलकी? ॲम्प्लिफायर कोणता? तबकडी कितपत झिजली आहे? शेवटच्या प्रश्नावर आमची मान खाली गेली.

आमच्या मनात तोवर जपानचे डेनॉन डी.एल. १०३ भरले होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते एन.एच.के. या जपानी नभोवाणी संस्थेच्या कामासाठी घडवले गेले, आणि साठ वर्षांनंतरही त्याचे नाव शौकिनांच्या तोंडी आहे. वाजवताना त्याच्या सुईचा भार अडीच ग्रॅम ठेवतात. आम्ही दचकलो, कारण आमचे जुने चाराणेही अडीच ग्रॅमचेच होते! त्या गृहस्थांनी आमचा दचका ओळखून हसत सांगितले की, अडीच ग्रॅम हा गुन्हा नव्हे. आधीच असलेल्या भारावर आणखी अडीच ग्रॅम, आणि तेही झिजलेल्या टोकावर, हा गुन्हा. परंतु डेनॉन आमच्या कामाचे नाही, हे त्यांनीच पटवून दिले. एक तर त्याला जड दांडी लागते. आम्ही घेतलेल्या जुन्या टर्नटेबलाची दांडी मध्यम वजनाची. दुसरे अधिक महत्त्वाचे. डेनॉनच्या सुईचे टोक गोल असते. आमची जुनी सुईही गोल टोकाचीच होती. गोल टोक खोबणीच्या भिंतीला फार थोड्या जागी टेकते, आणि त्याच जागी आमच्या नांगराने माती उकरून ठेवली होती. जपानच्या जे.व्ही.सी. कंपनीतील शिबाता यांच्या नावाने ओळखले जाणारे टोक निराळे घासलेले असते. ते भिंतीला उंचीच्या अंगाने अधिक लांब टेकते. त्यामुळे पूर्वीच्या सुईचा जेथे स्पर्शच झाला नव्हता, अशा भागातूनही गाणे उचलले जाण्याचा संभव असतो. संभव, खात्री नव्हे, हेही त्यांनी दोनदा सांगितले.

डेन्मार्कच्या ऑर्टोफोनचे शिबाता टोकाचे, ०.३ मिलिव्होल्टचे मूव्हिंग कॉइल आम्ही घेतले. असेच बारीक टोक मूव्हिंग मॅग्नेटमध्येही मिळते, स्वस्त पडते आणि बदलताही येते. शहाण्याने तेच घ्यावे. आम्ही घेतले नाही. त्यात हौसेचा भाग किती आणि प्रायश्चित्ताचा किती, हे आमचे आम्हांलाही सांगता येणार नाही.

घरी आणून जोडले, तर गाण्याऐवजी भुंग्यासारखी घुंई ऐकू आली. इतक्या क्षीण संकेताला मोठे करावयाचे म्हटले की विजेच्या तारांतली घरघरही त्याबरोबर मोठी होते. विहिरीवरची मोटार सुरू झाली की भुंगा आणखी माजे. दोन दिवस तारा इकडच्या तिकडे करण्यात गेले. ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलाच्या मोटरीपासून लांब सरकवला, तेव्हा निम्मा आवाज गेला. उरलेल्या निम्म्याचे मूळ घराच्या अर्थिंगमध्ये निघाले. शेवटी वायरमनला बोलावून परसात खड्डा खणला, पत्रा पुरून भोवती कोळसा व मीठ भरले. सौभाग्यवती ओसरीवरून म्हणाल्या, "गाण्यासाठी मीठ पुरणारे तुम्हीच पहिले." त्या मीठ-कोळशाने भुंगा मात्र मेला.

रात्री गाव शांत झाल्यावर बाबांना खुर्चीवर बसवले. सुईचा भार काट्यावर मोजून २.३ ग्रॅम केला, दांडी खाली सोडली. खरखर पुरी गेली नव्हती, पण ती बाजूला सरल्यासारखी झाली होती. आणि तिच्या मागून तानपुरा आला. आम्ही पन्नास वर्षांत त्या तबकडीवर तो तसा ऐकला नव्हता. एकेक तार वेगळी, आणि तारांच्या वर तरंगणारा तो गंधार.

आम्ही बाबांकडे पाहिले. ते डोळे मिटून बसले होते.

"येते का ऐकू, बाबा?"

त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते कळले नाही. तेवढ्यात ती जुनी अडखळण्याची जागा आली. सुई अडखळली नाही. चर्रर्र असा एक ओरखडा उमटला आणि गाणे पुढे गेले. बाबांनी डोळे न उघडता म्हटले, "हे तुह्या चाराण्याचं."

आमचा हात गुडघ्यावरच राहिला. पन्नास वर्षे त्यांना ठाऊक होते.

"मंग तुम्ही काढलं काहून नाही?"

"तू लावलं होतं ना मोठ्या शौकानं," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुले येते का तानपुरा?"

"येते."

"कसा आहे, सांग."

आम्ही सांगू लागलो. सांगता सांगता बाजू संपली. सुई आतल्या कड्यात फिरत राहिली.

"पलटव," बाबा म्हणाले.