गिरणगावातील दोन घड्याळे

काळाचौकी या नावात ‘काळ’ शोधण्याचा मोह अनेकांना होतो. व्युत्पत्ती म्हणून तो टिकणारा नाही. मात्र ही वस्ती ज्या गिरण्यांच्या मुंबईत वाढली, तिथे घड्याळावरून खरोखरच तंटे झाले.

1 जानेवारी 1906 रोजी सरकारने मुंबईत भारतीय प्रमाणवेळ लागू केली. शहराची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे 39 मिनिटे मागे होती. कागदावर हा केवळ काट्यांचा फेरफार. पण भोंगा नव्या घड्याळाने वाजला, की कामगाराला 39 मिनिटे आधी, जानेवारीच्या अंधारात खोली सोडावी लागणार होती. त्याच महिन्यात जेकब ससून मिलच्या कामगारांनी काम थांबवले, दगडफेकही झाली. शहरात ‘बॉम्बे टाइम’ पुढे 1955 पर्यंत तग धरून राहिला. या हट्टाला भाबडेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. सूर्य त्या लोकांच्या बाजूने होता.

गंमत अशी, की साम्राज्य एकच वेळ लादत असतानाच, 1905 मध्ये, बर्नच्या पेटंट कार्यालयातील आइन्स्टाइन सर्वांसाठी एकच काळ ही कल्पना मोडीत काढत होता. 1907 मध्ये त्याने गुरुत्वाकर्षणामुळे घड्याळ मंदावते असे दाखवले आणि 1915 मध्ये व्यापक सापेक्षतावाद पूर्ण केला. वस्तुमानामुळे अवकाशकाळ वक्र होतो, आणि त्यातून जाणारे प्रत्येक घड्याळ फक्त आपल्या वाटेवरचा काळ मोजते.

हे दोन फरक एक मानू नयेत. 39 मिनिटे रेखांशातून आणि माणसांच्या ठरावातून आली. ठराव बदलला की तीही जातात. गुरुत्वाचा फरक कोणत्याही ठरावाला जुमानत नाही. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये 250 मीटर उंचीवर ठेवलेले घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे 0.9 मायक्रोसेकंद पुढे जाते. 2010 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तर अवघ्या 33 सेंटिमीटर उंचीने पडणारा फरक मोजला. म्हणजे चाळीच्या जिन्याच्या जेमतेम दोन पायऱ्या!

जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे उंचीमुळे दिवसाला सुमारे 45 मायक्रोसेकंद पुढे, वेगामुळे 7 मागे, म्हणजे एकूण 38 पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात सुमारे 10 किलोमीटरची चूक साचेल, आणि काळाचौकीत बोलावलेली टॅक्सी भलत्याच उपनगरात जाऊन उभी राहील.