चासीचा आवाज

पुण्याहून निघालेली झेलम एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर अंबाल्याला पोहोचली. २०२३ चा जानेवारी. धुकं इतकं दाट की आपल्याच गाडीचा पुढचा डबा दिसेना. फलाटावर पाय ठेवताच मामांनी मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला, पिशवीतून विजेरी काढली, ती लागते ना एवढं पाहिलं आणि परत ठेवली. त्या पिशवीत लाकडी मुठीचा एक जाड स्क्रू ड्रायव्हर होता, एक लोहचुंबक होतं आणि गाडीखाली आडवं व्हायला गोधडीचा तुकडा होता. चिपळूणला तीस वर्षं जीपगाड्या दुरुस्त केलेला माणूस जुनी गाडी बघायला निघतो तेव्हा एवढंच सामान घेतो.

आदल्या हिवाळ्यात मी स्पितीत किब्बरला गेले होते, भाड्याच्या गाडीनं. बर्फ पडला, रस्ता चार दिवस बंद झाला आणि तो उघडताच ड्रायव्हरला त्याच्या पुढच्या भाड्यासाठी परतावं लागलं. माझं काम मात्र तिथं बसून राहण्याचं होतं. डोंगरकड्यावर हिमबिबट्या दिसायची वाट बघायची, गावातल्या घरी चुलीजवळ बसायचं, लिहायचं. पुढचे दोन हिवाळे असेच काढायचे तर स्वतःची गाडी हवी, आणि ती चारही चाकांना ताकद देणारी हवी, हे मी ठरवून टाकलं. खर्चाची मर्यादा चार लाख, सगळं धरून. मामांना फोन केला तर म्हणाले, "गाडी तू घे, पण तिच्याखाली मी शिरल्याशिवाय पैसे देऊ नकोस."

मला हवी होती थार. सांगायला संकोच वाटत नाही. रस्त्यावरून जाताना वळून पाहिली नाही असं कधी झालं नाही. पण २०२० ची नवी थार चार लाखांत स्वप्नातही बसत नव्हती आणि त्याआधीच्या चांगल्या राखलेल्या थारही माझ्या हिशेबाबाहेर होत्या. मग डोळे वळले दिल्लीकडे. दहा वर्षांपुढची डिझेल आणि पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी राजधानीच्या परिसरात चालवायची नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कायम केला. त्यामुळे तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या तिथं स्वस्तात निघत होत्या आणि पंजाब, हिमाचलच्या बाजारात येत होत्या. त्यातलीच एक डिझेल जीप चंदीगडजवळच्या एका यार्डात उभी होती. बाहेरून चकचकीत.

मामांनी बोनेट उघडलंसुद्धा नाही. गोधडी अंथरली आणि थेट खाली शिरले. मग आवाज येऊ लागला. टण्, टण्, टण्. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ते चासी वाजवत पुढून मागे सरकत होते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टांगणीपाशी टण् चं थप् झालं. त्यांनी तिथंच तीन-चारदा वाजवलं आणि मला खाली बोलावलं. काळा रंग ताजा होता. नखानं खरवडला तर त्याखालून गंजाचे पापुद्रे निघाले. "कोकणात दर पावसाळ्यात हेच बघत आलो," मामा म्हणाले. "रंग गंज झाकतो, आवाज झाकत नाही." दाराखालच्या पट्टीला चुंबक धरलं तर ते चिकटलंच नाही, खाली पडलं. पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली. अवघड चढाला लागणाऱ्या लो गिअरचा दांडा तर जागचा हललाच नाही. यार्डवाला म्हणत राहिला की तो कधी लागतच नाही, शहरातली गाडी आहे. त्याचं म्हणणं खरं असेलही, पण वर्षानुवर्षं न वापरलेला लो गिअर बर्फात पहिल्यांदा वापरून बघण्याची माझी तयारी नव्हती.

दुसरी गाडी मात्र मनात घर करून गेली. रेनॉची डस्टर, चारही चाकांना ताकद देणारी. तिला लो गिअर नाही, पण पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलेला. नुसती खटकी फिरवून ऑटोवर ठेवली की मागच्या चाकांना ताकद केव्हा द्यायची ते गाडीच ठरवते. मागचं सस्पेन्शनही स्वतंत्र. उबदार, शांत, ब्रेक भरवशाचे. अर्धा रस्ता कोरडा आणि अर्ध्यावर बर्फ, अशा ठिकाणी या पद्धतीला तोड नाही. मामांनाही ती आवडली. ते बराच वेळ तिच्याभोवती फिरले आणि मग मला विचारलं, "रामपूरच्या पुढे हिचा मागचा इलेक्ट्रॉनिक क्लच बिघडला तर उघडणार कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथला भाव कमी करता आला असता, पण या प्रश्नाचं काय करायचं ते सुचेना.

तिसरी गाडी सोलनला होती, एका निवृत्त शिक्षकांच्या अंगणात, देवदाराच्या सावलीत. मारुती जिप्सी, २०१३ ची, टणक छपराची, हिमाचलच्याच नंबरची. जिप्सी आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठीची तिची विक्री थांबली. लष्करानं ती इतकी वर्षं वापरली की डोंगरातल्या कुठल्याही मिस्त्रीला तिचे नट डोळे मिटून सापडतात. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद ८० अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आसपास. पुढे-मागे पाटे. आत बसलं की प्रत्येक खड्डा मणक्याला कळतो.

टण्, टण्, टण्. या वेळी पुढून मागेपर्यंत एकच आवाज. मामा खालूनच म्हणाले, "ऐकलंस?"

मग त्यांनी मला एक परीक्षा शिकवली, ती सांगायलाच हवी. जुन्या गाडीचा मालक फोर बाय फोरचा दांडा ओढून दाखवतो, दांडा बसतो, आणि आपण समाधानानं मान डोलावतो. पण दांडा बसला म्हणजे ताकद पुढच्या चाकापर्यंत गेली असं नाही. मामांनी मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं एक चाक जॅकवर उचललं, पुढची चाकं आसाशी जोडणारी दोन्ही हब हातानं फिरवून लॉक केली, फोर-हायचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा दांडा टाकला, गिअर पहिला, इंजिन बंद. आता उचललेलं चाक हातानं फिरता कामा नये. माझ्या हातानं फिरलं नाही. हब सोडल्यावर सहज फिरलं. पुन्हा लॉक, पुन्हा घट्ट. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं. नंतर अंगणाबाहेरच्या खडीवर स्टिअरिंग पूर्ण वळवून मी हळूहळू गोल फिरवली. पुढून कट्-कट् ऐकू आलं असतं तर जॉइंट गेलेला. आला तो फक्त खडीचा आवाज.

तरीही मी अडून बसले होते, आणि कारण साधं नव्हतं. काझा ३,७०० मीटरवर आहे. तिथली हवा इतकी विरळ की टर्बो नसलेल्या इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद जाते. म्हणजे ८० चे ५५ उरणार. टर्बो डिझेलचं एवढं नुकसान होत नाही. पण साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठू लागतं, फिल्टर तुंबतो, आणि मग ड्रायव्हर लोक पहाटे टाकीखाली निखाऱ्यांची शेगडी धरून बसतात. ते मी आदल्या वर्षी पाहिलं होतं. एकीकडे चढावर धापा टाकणारी गाडी, दुसरीकडे सकाळी न उठणारी. मामांनी वजनाकडे बोट दाखवलं: हजार किलो ओढायला ५५ पुरतात, शिवाय लो गिअर आहे. मी धापा टाकणारी निवडली.

तीन लाख दहा हजारांवर व्यवहार ठरला. मास्तरांनी स्वतः चहा केला. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, उमटलेले आकडे आरसी बुकाशी जुळवले. एनओसी, मालकी बदलण्याचे फॉर्म, विमा यांत सहा दिवस गेले.

उरलेल्या नव्वद हजारांकडे मामांनी मला हात लावू दिला नाही. त्यातले निम्मे टायरांत गेले. गाडीवरचे टायर दिसायला भरलेले होते, पण बाजूला चार आकडे होते, २२१६. म्हणजे २०१६ सालच्या बाविसाव्या आठवड्यातले. साधं रबर सात अंशांखाली कडक होऊ लागतं, त्यात हे सात वर्षांचं. बर्फासाठीच्या टायरवर तीन शिखरं आणि आत हिमकण अशी खूण असते. ती असलेले चार टायर शोधायला चंदीगडला परत जावं लागलं. साखळ्यांची जोडी, नवी बॅटरी, चारही चाकांच्या ब्रेकचं काम. रेडिएटर रिकामा केला तर तांबूस पाणी निघालं. मामांचा चेहरा उतरला. ते पाणी काझाच्या रात्री गोठून फुगलं असतं तर इंजिनाचा ब्लॉक तडकला असता. निम्मं कुलंट, निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण भरलं. ते उणे तीसच्याही खाली टिकतं.

सोलन, शिमला, कुफरी, ठियोग. नारकंडा २,७०० मीटरवर, आणि तिथं आदल्या रात्री बर्फ पडून गेलेला. चढताना मी हब लॉक केली, फोर-हाय टाकला आणि गाडी अशी शांतपणे वर गेली की माझा ऊर भरून आला. इतक्या दिवसांची पायपीट सार्थकी लागली असं वाटलं. टपरीवर चहा घेताना एक ट्रकवाला म्हणाला, "आगे पाला है, बहनजी." आपल्याकडे पाला म्हणजे झाडाची पानं, त्यांच्याकडे रस्त्यावर काचेसारखं गोठलेलं दव. डांबर ओलं दिसतं, एवढंच.

नारकंड्याच्या पलीकडचा उतार सावलीतला. दुसऱ्या वळणाला मी नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. चाकं थांबली, गाडी चालत राहिली. मागचा भाग हळूच डावीकडे सरकू लागला. आखूड गाडी फार लवकर गोल फिरते. मामा ओरडले नाहीत. "पाय काढ," एवढंच म्हणाले. मी पाय काढला, चाकांनी पुन्हा जमीन धरली आणि कठड्याच्या हातभर अलीकडे गाडी सरळ झाली. पुढच्याच वळणावर एक नवीकोरी मोठी फोर बाय फोर कठड्याला टेकून उभी होती. माणसं सुखरूप होती, रस्त्याच्या कडेला थरथरत उभी.

चढताना चार चाकांनी दिलेला भरवसा मी उताराला जोडला होता. थांबायला तर प्रत्येक गाडीला चारच चाकं असतात, आणि ब्रेक तसेही चारही चाकांना असतात. मामांनी मला तिथंच तासभर उतार शिकवला. दुसरा गिअर, पाय ब्रेकच्या बाहेर, इंजिनाच्या रोखण्यावर गाडी सोडायची. ही रोखण फोर-हायमध्ये चारही चाकांना वाटली जाते, म्हणून गाडी कमी घसरते. पहिला टाकू नको, ते म्हणाले, काचेवर तो इतका जोरात रोखतो की चाकं पुन्हा घसरतील. खाली सतलजच्या काठी कोरडं डांबर लागलं तसं मी हब सोडायला उतरले. कोरड्या रस्त्यावर फोर-हाय ठेवला तर वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण गिअरांवर येतो. त्या दिवशी सोळा वेळा उतरले मी. प्रत्येक वेळी ती डस्टर आठवली.

रामपूर, वांगतू, पोवारी. खाबला स्पिती येऊन सतलजला मिळते आणि राष्ट्रीय महामार्ग ५ सोडून आपण ५०५ ला लागतो. डोंगर उघडेवाघडे होत जातात. नाकोला मुक्काम केला. सकाळी माझ्या तापमापकात उणे १६. मी किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसती कण्हली, दुसऱ्यांदा सुरू झाली. अंगणात एक डिझेल पिकअप होती, तिच्या टाकीखाली निखारे ठेवून ड्रायव्हर उकिडवा बसलेला. आम्ही बॅटरीला वायरी जोडून त्याला आधार दिला, तेव्हा कुठे अर्ध्या तासानं ती जागी झाली. त्यानं आम्हाला मूठभर सुके जर्दाळू दिले आणि मालिंगच्या नाल्यापर्यंत तो आमच्या पुढे राहिला.

त्या नाल्यावर डोंगर सतत सरकत असतो. रस्ता तिरका, एका बाजूला बर्फाचा ढीग. मध्यावर माझं पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम हवेत फिरू लागलं. बाकीची दोन निवांत उभी. साध्या डिफरेन्शियलचा हा स्वभावच आहे, जिथं अडथळा कमी तिथं ताकद सांडते. पिकअपवाला मागे पळत आला, आम्ही तिघांनी मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या. बोटांना काही कळेनासं झालं होतं. लो टाकला, क्लच अगदी सावकाश सोडला, आणि गाडी गुरगुरत एकेक वीत पुढे सरकली. पलीकडे पोहोचल्यावर मी स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडले. मामांनी पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला.

ताबो ओलांडून काझाला पोहोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. पंपावर टाकी भरली. मामा दुकानातून चहा घेऊन येताना दिसले नाहीत, म्हणून मी मागे वळून पाहिलं. बर्फावर गोधडीचा तुकडा अंथरलेला, त्यावरून त्यांचे दोन बूट बाहेर आलेले, आणि खालून आवाज येत होता. टण्, टण्, टण्.