मधले स्टेशन

मुंबईहून कल्याणकडे जाणारी धीमी गाडी भांडुप सोडते, मुलुंडला उतरणारी मंडळी पिशव्या सावरून दाराकडे सरकू लागतात, आणि तोच गाडी पुन्हा थांबते. नवखा प्रवासी घाईघाईने उतरू पाहतो. मग कोणीतरी त्याला मागे ओढून म्हणते, "अहो, हे नाहूर. मुलुंड पुढचं." पुष्कळ मुंबईकरांची नाहूरशी ओळख एवढीच.

१८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ती याच पट्ट्यातून. पण नाहूरला स्वतःचे स्टेशन मिळायला २००३ साल उजाडले. मधली दीडशे वर्षे गाड्या नाहूरवरून नुसत्या जात राहिल्या. साहजिकच इथला माणूस पत्ता सांगताना 'मुलुंड' म्हणे, किंवा 'भांडुप' म्हणे. नाहूर म्हटले की ते कोठे, कसे, हे समजावून सांगत बसण्याची कटकट! समजावून सांगायला अवघड अशा गोष्टीला शेजारच्या सोयीच्या गोष्टीचे नाव देऊन मोकळे व्हावे, ही आपली जुनी सवय आहे.

स्टेशनच्या पुलावर उभे राहिले तर नाहूर दोन्ही अंगांनी दिसते. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे पूर्वीचा आग्रा रोड, आणि त्यामागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पूर्वेला द्रुतगती महामार्ग, त्याच्या पलीकडे मिठागरे आणि ठाण्याची खाडी. हिवाळ्यात खाडीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेव्हा कॅमेरे गळ्यात अडकवलेली माणसे पहाटेच्या गाडीने या बाजूला येतात. कॅमेरा घेऊन मीही नाहूरला येते. मात्र पक्ष्यांसाठी नव्हे. रूळांच्या कडेला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझा थोरला भाऊ राहतो, त्याच्याकडे.

आग्रा रोडच्या कडेने भांडुप-मुलुंडला एके काळी कारखान्यांची रांग होती. दादा त्यांतल्या एकात बावीस वर्षे फिटर होता. कारखाना बंद झाला, हाती काही रक्कम आली, आणि सकाळी साडेसहाला डबा घेऊन जायला ठिकाण उरले नाही. पिणे आधीही होते. आता त्याला दिवसभर वेळ मिळाला.

आमच्या घरात मात्र 'दारू' हा शब्द कोणी उच्चारीत नसे. दादाला आधी 'ॲसिडिटी' होती, मग 'कावीळ' झाली, मग 'अशक्तपणा' आला. गावाकडून कोणी विचारले तर वहिनी म्हणत, "यांची तब्येत जरा नरम असते." आम्ही सगळेच मुलुंड म्हणत होतो, नाहूर कोणी म्हणत नव्हते.

मागल्या वर्षी पावसाळ्यात दादाचे पाय सुजले, पोट पाण्याने फुगले. डॉक्टरांनी आम्हां सर्वांना समोर बसवून स्वच्छ शब्दांत सांगितले, की हा दारूचा आजार आहे. यकृताला व्रण पडून ते कठीण झाले आहे. झालेले नुकसान बव्हंशी तसेच राहील; पण पिणे थांबले तर उरलेले यकृत पुष्कळ काळ काम देऊ शकेल. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी अशी आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी, एकाएकी सोडू नये. हाताला कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी जिवावर बेतते. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दादाने तशी सोडली.

फोटोंची सुरुवात झाली ती अगदी व्यवहारातून. पोटातले पाणी वाढते की उतरते हे कळावे म्हणून रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायचे होते. दादाला लिहिण्याचा कंटाळा. मी म्हटले, "लिहू नकोस, काट्याचा फोटो काढून मला मोबाइलवर पाठवत जा." तीन आठवड्यांनी ते सगळे फोटो आम्ही ओळीने पाहिले. काटा, त्यावर दोन पावले, आणि दिवसामागून दिवस उतरत गेलेली सूज. दादा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "तोंड दिसत नाही ते बरं आहे. असे आणखी काढ."

तेव्हापासून रविवारी मी कॅमेरा घेऊन जाऊ लागले.

शाळेत असताना आपल्यापैकी अनेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील. त्यांत एक पेपर वस्तुचित्राचा असे, एक स्मरणचित्राचा. स्मरणचित्रात जत्रा, बाजार, पावसाळ्याचा दिवस, असे आठवून काढायचे. थोडे सजवले तरी चालून जाई. वस्तुचित्रात मात्र समोर मांडलेली बादली, तांब्या, कांदा जसा असेल तसाच उतरवायचा. बादलीला पोचा असेल तर पोचासकट. आमच्या घरात इतकी वर्षे स्मरणचित्रेच चालली होती: दादा नाटकात काय काम करायचा, कॅरम काय खेळायचा! आता वस्तुचित्राचा पेपर समोर आला होता.

दादाची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी आठ ते नऊ या वेळात मिठागरांवरून येणारे ऊन तिच्यातून तिरपे आत येते. खिडकीपाशी पाट मांडायचा, त्यावर वस्तू ठेवायची. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करायचा, म्हणजे उजेड उलटून अंधारातला भागही दिसतो. फ्लॅश वापरायचा नाही. उजेड बेताचा, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा अर्धा-पाऊण सेकंद उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात जलद गाडी गेली की सारी इमारत थरथरते आणि चित्र हलते. त्यामुळे दोन गाड्यांमधली फट गाठावी लागे. ते काम दादाकडे. बावीस वर्षे यंत्रांचे आवाज ऐकलेला त्याचा कान! "थांब, कल्याण फास्ट येतेय... गेली. आता काढ." डोळे मिटून तो गाड्या सांगे, आणि हातातला कंप त्या कामाच्या आड येत नसे.

काय काय काढले आम्ही? एक स्टीलचा पेला. काचेचा नव्हे, स्टीलचा. कारण स्टीलमधून आतले दिसत नाही. एक चामडी पट्टा. त्याला कारखान्याची पाच भोके, माणूस वाळत गेला तशी आतल्या बाजूला खिळ्याने पाडलेली तीन, आणि पोट फुगले तेव्हा पार टोकाला पाडलेले एक. एक औषधाची बाटली, पोट साफ ठेवण्याच्या गोड औषधाची, तिच्या मापाच्या झाकणासकट. ते झाकण उजेडात धरून दादा हसला. म्हणाला, "तीस मिली. माप तेच आहे बघ." एक मद्याचा परवाना. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात पिण्यासाठी आजही परवाना लागतो, आणि कायद्याच्या भाषेत तो प्रकृतीच्या कारणासाठी असतो! त्याच्या शेजारी आम्ही रुग्णालयाचा कागद ठेवला. वेगळे काही सांगावे लागले नाही.

आणि एक ताट. पोटात पाणी होणाऱ्याला मीठ जवळजवळ वर्ज्य. शरीरातले मीठ पाणी धरून ठेवते म्हणून. वहिनींनी पान नेहमीच्या रीतीने वाढले होते. डावीकडे कोशिंबीर, लिंबाची फोड, उजवीकडे भाजी, मधोमध भात. फक्त वरच्या बाजूला, जेथे चिमूटभर मीठ वाढायचे, ती जागा कोरी. ज्या घराच्या खिडकीतून मिठागरे दिसतात त्या घरातले हे ताट! मला वाटते, आमच्या साऱ्या चित्रांत हे सर्वांत बोलके आहे.

वस्तूंचे फोटो काढण्यात अर्थ काय, असे वाचक विचारतील. माझ्या एका सहकाऱ्यानेही विचारले. पण ही वाट जुनी आहे. छायाचित्रणाचा एक जनक टॅल्बट याने १८४४ पासून भागाभागाने जे सचित्र पुस्तक काढले, त्यात फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे एक चित्र आहे. त्यावर तो म्हणतो की ही भांडी उद्या चोरीला गेली तर हे मुके चित्र न्यायालयात साक्ष देऊ शकेल. आमच्या घरातून काय काय चोरीला गेले याची अशी मुकी साक्ष आम्हांलाही हवी होती.

पुढे माणसांनी आपल्याच घरातल्या दुखण्याकडे कॅमेरा वळवला. इंग्लंडमध्ये रिचर्ड बिलिंगहॅम याने आपल्या दारुड्या वडिलांचे, त्यांच्या कोंदट घराचे फोटो काढले. १९९६ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि गाजले. फोटो प्रामाणिक आहेत. पण झिंगलेला बाप त्यांत चेहऱ्यासकट जगापुढे उभा आहे, आणि ते पाहताना माझी मान खाली जाते. जपानच्या इशिउची मियाको या बाईंची रीत निराळी. त्यांची आई २००० साली वारली. तिच्याशी त्यांचे फारसे जमले नव्हते. आई गेल्यावर त्यांनी तिची ओठांची लाली, केस अडकलेला ब्रश, कवळी, अंगातले झिरझिरीत कपडे यांचे एकेक करून फोटो काढले. २००५ साली व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात ते जपानच्या दालनात लागले. आई स्वतः त्यांत अगदी थोडी. तरी ती साऱ्या दालनात आहे. मला ही वाट आपल्या घरांना मानवणारी वाटली. फरक एवढाच, की आमचा माणूस जिवंत होता, पाटाशेजारी बसून गाड्या मोजीत होता, आणि काय काढायचे याचा निर्णय त्याचा होता.

एकदा त्याने तो हक्क बजावलाही. माळ्यावर एक रिकामी बाटली सापडली. ती मी खिडकीत ठेवली. ऊन तिच्यातून आरपार गेले आणि पाटावर मधाच्या रंगाचा डाग पडला. फोटो इतका सुरेख आला की दुकानात लावावा! दादाने तो पाहिला आणि मान हलवली. "हा काढून टाक. ही इतकी देखणी नव्हती. म्हणजे होती, पण पहिली दोन वर्षं." तो फोटो आम्ही ठेवला नाही. कलेच्या वर्गात हा धडा मला कोणी शिकवला नसता.

वहिनी या साऱ्यापासून दूर असत. चहा आणून ठेवीत आणि स्वयंपाकघरात जात. एका रविवारी मात्र त्या पदराआडून एक वही घेऊन आल्या. घरखर्चाची वही. म्हणाल्या, "वन्सं, ह्याचा निघेल का हो फोटो?" पान उघडले. दूध, भाजी, वीज, गॅस, आणि शेवटी 'किरकोळ'. आरंभी किरकोळ खर्च खरोखरच किरकोळ होता. मग तो भाजीएवढा झाला, मग दुधाएवढा, आणि एका महिन्यात त्याने घरभाडे गाठले. अक्षर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वळणदार, एकसारखे. दादाने वही मांडीवर घेतली. तीन गाड्या गेल्या, तरी तो 'आता काढ' म्हणाला नाही. मग त्याने खिशातले पेन काढले आणि वहिनींपुढे धरले. वहिनींनी शेवटच्या पानावर 'किरकोळ' हा शब्द खोडला आणि त्याच्या जागी खरा शब्द लिहिला. आमच्या घरात तो शब्द कागदावर आला तो असा. मग आम्ही फोटो घेतला.

दारूचे व्यसन हा आजार आहे, हे अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने १९५६ साली मान्य केले. आपल्याकडे १९८६ साली पुण्यात डॉ. अनिल व सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण सुरू केले, आणि मराठी घरांत हा विषय बोलता येऊ लागला. अमेरिकेत १९३५ साली निघालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या सभा आज मुंबईतही भरतात. दादा तिथे जातो. तेथे कोणी आडनाव सांगत नाही, पण आजार सांगतो. आपल्या घरांत याच्या नेमके उलट चालते.

मुलीच्या स्थळाचे काय, ही वहिनींची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच चित्रांचा संग्रह कोणाला दाखवायचा हे आम्ही पुतणीवर सोपवले. भाऊबीजेच्या दिवशी तिने तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला. एकदाही डोळे पुसले नाहीत. उठून आत गेली, आणि हेडफोन आणून पाटावर ठेवले. म्हणाली, "आत्या, हेही काढ. तुम्हांला वाटायचं मी सारखी गाणी ऐकते. त्यात गाणी नसायची." पुढे बराच वेळ खोलीत कोणी बोलले नाही. ते चित्र आता संग्रहात आहे. आणि मैत्रिणींना संग्रह दाखवायला तिची हरकत नाही.

दादाला न पिता चौदा महिने झाले आहेत. पंधरावा कसा जाईल हे तो सांगत नाही, आणि आम्हीही विचारत नाही. शेजारपाजारचे गळके नळ, कुकरचे दांडे, शिवणाची यंत्रे त्याच्याकडे दुरुस्तीला येतात. त्याच्या पान्यांची आणि पकडींची पेटी काढायची असे गेले दोन महिने माझ्या मनात आहे. त्या जुन्या लोखंडावर सकाळचे ऊन फार चांगले येईल. पण ते जमत नाही. रविवारी मी पोचते तेव्हा पेटी अर्धी रिकामी असते, आणि उरलेले पाने तळमजल्यावरच्या कोणाच्या तरी मोरीत असतात.