कांद्याचे पापुद्रे

आमच्या नातीला कॉलेजात भूगोल आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ती मोठमोठ्याने पाठ करत होती, "१९२५ साली शिकागोच्या बर्जेस नावाच्या प्राध्यापकाने शहराची वर्तुळं मांडली. मध्ये व्यापारपेठ, तिला लागून गरीब वस्ती, मग कामगार, मग सुखवस्तू आणि सगळ्यांत बाहेर रोज ये-जा करणारे बडे लोक."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. सगळ्यांत बाहेर तर आम्ही राहतो! मोशीला. पाणी टँकरचं, भिंतीला ओल. आपण बडे असल्याचा संशय मला आजवर कधी आला नव्हता.

तसं साहेबाचं चुकलं नसेल. शिकागोच्या बड्यांना लांब राहणं परवडत होतं. आमच्याकडे ज्याला जवळ परवडत नाही तो लांब राहतो. मुंबईच्या गिरणगावात टॉवर उभे राहिले आणि गिरणीकामगारांची मुलं विरार-बदलापूरला गेली. ज्याला बसभाडंही जड, तो मात्र शहराच्या पोटातच कुठेतरी, पर्वतीच्या उतारावर नाहीतर नाल्याच्या काठी, पत्रा ठोकून बसतो.

पुढच्या रविवारी मंचरला गेलो. आमचे थोरले चुलतभाऊ तात्या मार्केट यार्डात कांद्याच्या ढिगाशी उभे होते. त्यांना साहेबाची वर्तुळं समजावली.

"म्हंजे कांदाच की!" तात्या म्हणाले. "पर तुमचं पुणं जोडकांदा हाय. एक डोळा पेठंत, एक लष्करात. त्याला भाव येत न्हाई."

तात्यांपुढे मी गप्प बसतो, त्याला कारण आहे. १९७४ साली नोकरी लागली, तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यात एक खोली मिळत होती. भाडं बावीस रुपये, पण वर पागडी. पागडी कायद्याने बंद होती, त्यामुळे रोखच द्यावी लागली. मी रस्त्याकडच्या वडिलोपार्जित दहा गुंठ्यांतला माझा वाटा तात्यांना हक्कसोड करून दिला आणि पुणेकर झालो. भर पेठेत राहायला मिळालं! संडासाच्या रांगेत उभं असतानासुद्धा मला मंचरकरांची कीव यायची.

पुढे वाडा पाडला. मिळालेल्या पैशात पेठेत मोरी आली असती. म्हणून भोसरी. मुलं मोठी झाली, मग मोशी. आता धाकटे चिरंजीव चाकणला ब्लॉक बघून आलेत. नाशिककडे जाणाऱ्या एस.टी.चे थांबे ज्यांना पाठ आहेत, त्यांच्या ध्यानात आलं असेल.

"चाकण, मग राजगुरुनगर," तात्यांनी बोटं मोडली. "अजून दोन पिढ्या दम धर. मंचरलाच येतूस. पर तवा गाळा घ्यायला पैसं आन."

गाळे तात्यांचेच. माझ्या त्या दहा गुंठ्यांवर. मी हसलो. न हसून सांगतो कोणाला?

ढिगाशी बायका कांदा निवडत होत्या. गोळा एकीकडे, गोल्टी एकीकडे, सडका-फुटका बदल्यात. त्यांतली एक म्हातारी सारखी घड्याळ विचारत होती. तिला पश्चिमेकडची शेवटची एस.टी. गाठायची होती. शहाणपणाची सवय, मी विचारलं, "मावशी, कुठल्या तुम्ही?"

"आंबेगावच्या."

"अहो, तालुका आंबेगावच आहे. इथं सगळेच आंबेगावचे. गाव कुठलं?"

"आंबेगावच."

मी तात्यांकडे पाहिलं. ते मुकाट्याने तंबाखू मळत होते. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, हे मी तालुक्यात जन्मून विसरलो होतो. तात्यांचा कांदा त्याच पाण्यावर पोसलेला. माझी वर्तुळं भोसरीपासून सुरू होऊन मोशीला संपत होती.

"किती वाजलं, दादा?" म्हातारीने पुन्हा विचारलं.

"पावणेसहा."

तिने हातातला कांदा दाबून पाहिला आणि बदल्यात टाकला.