फोन उचलावा, पोर आणावी

न्हावरे, ता. शिरूर, जि. पुणे

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "आबा, 'पिक अप'ला मराठीत काय म्हणायचं?" मी 'उचलणे' सांगून मोकळा झालो. तू खिदळलीस, "म्हणजे पप्पा मला शाळेतून उचलतात?" मागून आजी ओरडली, पोरीला कोण उचलतंय! फोन ठेवला, पण शब्द काही डोक्यातून जाईना.

पोर शाळेतून आणायची असते. उचलतात ते पोलीस, आणि तिकडचे पोलीसही 'पिक अप'च करतात म्हणे. तेवढ्यापुरती दोन्ही भाषांची सोयरीक जमली. सर्दी तुमच्याकडं 'पिक अप' होते, आमच्याकडं नुसती होते.

उचल मात्र आपलीच. ऊसतोडीची माणसं हंगामाआधी मुकादमाकडून पैसे घेतात, ती उचल. कारखाना शेतकऱ्याला उसाचा पहिला हप्ता देतो, ती पहिली उचल. ऊस तोच, पण एकाच्या अंगावर चढते आणि दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. माझा गुडघा थंडीत उचल खातो, ती आणखी वेगळी. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' पप्पाकडून मागून घे, 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला. इंग्रजांच्या कायद्यानं अख्ख्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या घरात जन्मलेल्या माणसानं लिहिलंय. आता नाही कळलं तरी कपाटात असू दे.

आणि तुमचा 'पिक अप' इथं येऊन पार गावकरी झालाय. कांदा मार्केटला जातो तो पिकअपमध्ये. चढाला गाडी दमली की म्हणायचं, पिकअप घेत नाही. मी पाटबंधारे खात्यात होतो तेव्हा साहेबांच्या तोंडी 'पिकअप वेअर' असायचं. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेत सोडायचं, ते पात्रातून खाली संगमनेरकडं आलं की ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून कालव्यांना लावायचं. नदीत सोडलेलं पाणी पुन्हा धरायचं, म्हणून पिकअप. हा अर्थ तुझ्या बाईंनाही माहीत नसेल. विचारून बघ.

रस्त्याकडेच्या एसटीच्या निवाऱ्याला आम्ही पिकअप शेड म्हणतो. तुझा पप्पा पुण्याला शिकायला निघाला तो आपल्या शेडमधूनच. 97 साल असेल. आजी 98 म्हणते, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पाऊस होता, पत्रा एका कोपऱ्यात गळत होता. तो पेटीवर बसलेला. आजीनं बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या, त्या फडक्याला कुणाची तरी शेळी सारखी तोंड घालत होती. काळी होती, एका कानावर पांढरा ठिपका. तो तिला हाकलायचा, ती परत यायची. दोन तास आम्ही त्या शेळीवरच बोललो. माझ्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. गाडी आल्यावर मी पेटीला हात घातला, तर म्हणाला, "राहू द्या आबा, मी घेतो." शेड परवाच रस्त्याच्या रुंदीकरणात पाडलं. त्याला सांगू नकोस, मीच सांगेन.

त्याला एवढं मात्र सांग की फोन रविवारीच करायचा असं कुठं लिहिलेलं नाही. आणि तू ते अंगठ्याचं चित्र पाठवणं बंद कर. चुकलं तरी चालेल, चार ओळी मराठीत लिही. 'ळ' येत नसेल तर 'ल' काढ, मी लावून घेईन. आजी म्हणते, अंगानं वाळलीस.

अगं, लिहिता लिहिता सापडलं बघ! तुझ्या 'पिक अप'ला आपण म्हणतो घ्यायला जाणं. पप्पा तुला शाळेतून घ्यायला येतात. इतकं साधं, आणि त्या वेळी सुचलं नाही. डिसेंबरात याल तेव्हा मी पुण्याला घ्यायला येईन.

पत्र मिळालं की फोन कर. या आठवड्यात दिवसाची लाईट आहे, दुपारी मी मोटारीवर असतो, तेव्हा उचलणार नाही. संध्याकाळी कर.

तुझे
आबा