सूर्य मावळतच नाही, तेव्हा चौविहार

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही. मग चौविहार कधी करायचा? आम्ही जूनमध्ये गेलो, तेव्हा संध्याकाळी सातची वेळ ठरवली. नवकारशी सकाळी आठला.

एका संध्याकाळी दशम्या-चटणी आटोपून, नेपाळी शेर्पांनी बांधलेल्या सुमारे 1200 दगडी पायऱ्या चढून 421 मीटर उंचीवरच्या स्टोरस्टाइननला पोचलो. रात्री दहालाही लख्ख ऊन! लेक म्हणाला, "आई, दिवसच आहे, खा की!" भूक तर कडकडून लागली होती. तरी नाही म्हटलं. रात्रीभोजनत्यागात जीवदया आहे, तसा जिभेवरचा ताबाही आहे. सूर्य थांबवत नाही, तिथे आपणच थांबायचं. तिकडे जाणार असाल, तर वेळ घरूनच ठरवून निघा.