आठ सेंटिमीटरचा खांब

‘वीकेंडला काय केलंस?’ या प्रश्नाला यावेळचं माझं उत्तर होतं, ‘खांब बनवले. खराट्याच्या काड्यांचे.’ हसू नका, सॉलिड मजा आली!

झालं असं, की नांदेडच्या माझ्या मामेभावाला मॉडेल रेल्वेचा नाद. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम 1998 मध्ये सुरू झालं. शाळेत असताना ते पाहिलं आणि पठ्ठ्या कामातून गेला. आता त्यानं सहा फुटी प्लायवूडवर लातूरची जुनी नॅरोगेज उभी केलीय, खास आजोबांसाठी. आजोबा मूळचे लातूरचे, हल्ली मुक्काम मामाकडे. त्यांनी चष्मा पुसून गाडी पाहिली आणि म्हणाले, ‘गाडी झाली रे, पण तारा कुठंयत?’

लगेच मला फोन. ‘लातूरला जाऊन सामान घेऊन ये.’

पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसले. पहाटे औसा रोड गेल्यावर खिडकीला नाक लावून तारांचे जुने खांब शोधत होते. दिसले ते सगळे विजेच्या इंजिनांसाठी रोवलेले. औसा रोड ते लातूर रोड हा 52 किलोमीटरचा टप्पा फेब्रुवारी 2023 मध्ये झाला आणि मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेजचं विद्युतीकरण पूर्ण झालं. तारसेवा तर जुलै 2013 मध्येच बंद पडली. आणि आमची नॅरोगेज? बार्शी लाइट रेल्वेची ही अडीच फुटी लाइन 1911 मध्ये लातूरला पोचली. 2008 पर्यंत लातूर-कुर्डुवाडी सगळं ब्रॉडगेज झालं. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून मी त्या गाडीतून गेलेय. आठवतं ते एवढंच : खांब मोजायचे, आणि तारा खाली जाऊन पुढच्या खांबाला पुन्हा वर यायच्या.

गोलाई झिंदाबाद

लातूरात खरेदी म्हणजे गंजगोलाई. मधोमध गोल आणि त्याला फुटलेले 16 रस्ते. मॉलमध्ये मिळणार नाही ते इथं मिळतं. खराटा घेतला, पांढरे बारीक पोतमणी, राखाडी शिवणदोरा, पुडीभर गेरू. शंभराच्या नोटेत काम झालं. परदेशी बनावटीचे तयार खांब मागवले असते तर एवढ्यात काय आलं असतं, विचारू नका!

रेल्वेनं नांदेड म्हणजे परळी-परभणी-पूर्णा असा मोठा वळसा. त्यापेक्षा अहमदपूर-लोहामार्गे एसटी बरी. खराटा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं.

खांबाचा फंडा

मॉडेल 1:87 मापाचं. म्हणजे 7 मीटरचा खांब 8 सेंटिमीटरचा. 762 मिलिमीटरची नॅरोगेज होते पावणेनऊ मिलिमीटर, म्हणून 9 मिलिमीटरचा तयार ट्रॅक चालून जातो.

खराट्याचीच काडी का? कारण ती बुडाशी जाड आणि शेंड्याला निमुळती असते. तासायची कटकटच नाही. आडव्या पट्टीसाठी आगपेटीची काडी उभी चिरा, दीड सेंटिमीटरचा तुकडा फेविकॉलनं चिकटवा. त्यावर चार मणी : हे चिनी मातीचे कप. मग चंदेरी रंग. सुकल्यावर बुडाशी चिमूटभर गेरू चोळा, हुबेहूब गंज!

खऱ्या लाइनवर दोन खांबांत 50 मीटर अंतर धरलं तर मॉडेलवर ते 57 सेंटिमीटर होतं. तेवढं ठेवलं तर सहा फुटांत जेमतेम तीन-चार खांब मावतात. आम्ही 20 सेंटिमीटरवर लावले, नऊ बसले. दोरा कधीच ताणून बांधू नका, खांब वाकतात. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, किंचित झोल देऊन सुकवा. तो झोल महत्त्वाचा.

रविवारी संध्याकाळी आजोबांना खुर्ची दिली. भावानं गाडी सोडली. आजोबा खाली वाकले, डोळे बरोबर तारांच्या उंचीवर आणले आणि बोटानं मोजायला लागले. पाच-सहा झाले आणि आकडा चुकला.

‘थांबव रे,’ म्हणाले, ‘मागं घे गाडी. पहिल्यापासून मोजू.’

माझी पुण्याची बस रात्री होती. तोवर आम्ही तिघंही मोजत बसलो.